सकाळी अडतो, दुपारी चालतो

प्रश्न : वाईत माझं छोटं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असं. कॉम्प्युटर २००९ सालचा, असेंबल केलेला. दिवाळीनंतर थंडी पडली तसा त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. पुन्हा दाबलं तर काहीच होत नाही. भिंतीवरचा स्विच बंद-चालू करत बराच वेळ खटपट केली की एकदाचा सुरू होतो, आणि मग रात्रीपर्यंत तक्रार नाही. दुपारी जेवायला जाताना बंद केला तरी आल्यावर पहिल्या दाबाला चालू! एका मेकॅनिकने रॅम पुसून दिली, फरक पडला नाही. दुसरा म्हणतो, मदरबोर्ड गेला, नवीन मशीन घ्या. माझी सगळी जुनी कामं श्रीलिपी आणि पेजमेकरमध्ये आहेत, त्यामुळे नवीन मशीन म्हणजे मोठाच व्याप. नेमकं काय बिघडलं असेल?
— एक वाचक, वाई

उत्तर : पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे : जेवून आल्यावर पहिल्या दाबाला चालू होतो. गार असताना अडणारं आणि तापल्यावर सुरळीत चालणारं मशीन दिसलं की आधी कॅपॅसिटरवर संशय घ्यायचा. (जुने मेकॅनिक त्यालाच कंडेन्सर म्हणतात.) कॉम्प्युटरमधले सगळ्यात जास्त राबणारे आणि भाजून निघणारे कॅपॅसिटर असतात एसएमपीएसमध्ये, म्हणजे मागच्या बाजूला जिथे पॉवर कॉर्ड खुपसतो त्या पत्र्याच्या डब्यात. मदरबोर्ड अगदी निर्दोष आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण एसएमपीएस बदलून न बघताच मदरबोर्डला मृत घोषित करणं हा उतावीळपणा झाला. रॅम पुसणाऱ्या मेकॅनिकचंही तसंच. रॅम सैल झाली तर पंखे व्यवस्थित फिरत राहतात, फक्त पडद्यावर काही येत नाही. तुमचा पंखा अर्ध्या फेऱ्यात थांबतो, म्हणजे गाडी रॅमपर्यंत पोचलेलीच नाही.

समोरचं बटण दाबल्यावर आत काय घडतं ते थोडं बघू, म्हणजे तुमच्या रोजच्या खटपटीचाही उलगडा होईल. फार जुन्या डेस्कटॉपमध्ये २३० व्होल्टची जाड केबल थेट पुढच्या बटणापर्यंत आणलेली असे. दाबलं की खटकन चालू, पुन्हा दाबलं की खटकन बंद, दिव्याच्या बटणासारखं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि हे बदललं. तेव्हापासून पुढच्या बटणाला दोन बारीक वायरी असतात आणि त्या मदरबोर्डला जातात. बटण फक्त विनंती करतं, निर्णय मदरबोर्डचा.

पण बंद असलेल्या मदरबोर्डला ती विनंती ऐकू कशी येणार? त्यासाठी एसएमपीएसचा एक छोटा भाग कायम जागा असतो. भिंतीवरचा स्विच चालू केला की लगेच हा भाग जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट पुरवू लागतो, कॉम्प्युटर 'बंद' असला तरीही. याला स्टँडबाय म्हणतात. तुम्ही बटण दाबलंत की मदरबोर्ड हिरवी वायर काळ्या वायरीच्या पातळीला, म्हणजे शून्य व्होल्टला खेचतो. एसएमपीएसला तो हुकूम. मग मुख्य भाग जागा होतो आणि पिवळ्या वायरीत १२, लाल वायरीत ५ आणि नारिंगी वायरीत ३.३ व्होल्ट उभे राहतात. हे तिन्ही स्थिरावले की एसएमपीएस राखाडी वायरीवरून 'सगळं ठीक आहे' असा निरोप धाडतो. स्थिरावल्यापासून निरोपापर्यंत १०० ते ५०० मिलिसेकंद लागावेत असा नियम आहे. तो निरोप येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला कामाला लावत नाही.

आता तुमची सकाळ. पंखा अर्धा फेरा फिरला, म्हणजे बटण ठीक, हुकूम पोचला, १२ व्होल्ट उभे राहू लागले. पण ते स्थिरावले नाहीत, किंवा मुख्य भाग उठताना स्टँडबायनेच मान टाकली. आतल्या संरक्षक यंत्रणेने गडबड ओळखून सगळं बंद केलं. एकदा असं झालं की बरेच एसएमपीएस हटून बसतात, काही सेकंद मूळ वीजच तोडल्याशिवाय दुसरा हुकूम ऐकत नाहीत. म्हणून दुसऱ्यांदा दाबल्यावर काहीच होत नाही आणि भिंतीवरचा स्विच बंद-चालू केल्यावर पुन्हा धुगधुगी येते. दर प्रयत्नाला आतले भाग थोडे तापतात, आणि केव्हातरी एकदा जमून जातं. हिवाळ्यात पाच-सहा किका खाऊन, एका बाजूला कलती करून मगच फुरफुरणारी जुनी स्कूटर आठवा, तोच प्रकार.

थंडीचा संबंध कुठे येतो? ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मधे रसायनात भिजवलेला कागद, हे सगळं गुंडाळून एका डबीत भरलेलं, असा हा कॅपॅसिटर. हे रसायन ओलं असेपर्यंत त्याचं काम. उष्णतेने ते वर्षानुवर्षं थोडं थोडं उडत जातं आणि कॅपॅसिटरचा अंतर्गत अडथळा वाढत जातो. त्यात हवा गार असली की उरलंसुरलं रसायनही मंदावतं आणि अडथळा आणखी वाढतो. नव्या कॅपॅसिटरला हे सहज झेपतं. जुना मात्र काठावर उभा असतो, आणि वाईची डिसेंबरातली सकाळ त्याला ढकलायला पुरेशी असते. तुमच्या मशीनला हे दुखणं दिवाळीत झालेलं नाही. ते आधीपासून होतं, थंडीत बाहेर पडलं.

आयुष्याचा ढोबळ हिशेब करून बघण्यासारखा आहे. साध्या कॅपॅसिटरवर १०५ अंश सेल्सिअसला २००० तास अशी हमी असते, आणि तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं असा ठोकताळा आहे. एसएमपीएसमध्ये तो ६५ अंशांना राहत असेल तर २००० चे चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दहा-अकरा वर्षं होतात. तुमचा एसएमपीएस २००९ पासूनचाच असेल तर त्याने ठरल्यापेक्षा जास्त नोकरी केली आहे. स्टँडबायचा हिशेब मात्र निराळा, तो बटणावर चालत नाही. भिंतीवरचा स्विच रात्रंदिवस चालू ठेवणाऱ्याकडे तो वर्षाचे ८,७६० तास झिजतो. 'निजताना भिंतीवरचं बटण बंद करत जा' हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा धोशा वीजबिलापेक्षा या बाबतीत जास्त खरा आहे.

घरच्या घरी खात्री करायची असेल तर उद्या सकाळी भिंतीवरचा स्विच चालू करा आणि कॉम्प्युटरच्या बटणाला हात लावू नका. चहा घ्या, अंघोळ उरका. अर्ध्या-पाऊण तासाने बटण दाबा. पहिल्या झटक्यात सुरू झाला तर शंकेला फारशी जागा उरत नाही, कारण एवढ्या वेळात फक्त स्टँडबायचा भाग आणि त्याच्या शेजारची मंडळी कोमट झालेली असतात. नाही झाला, तरी एसएमपीएस सुटला असं समजू नका. मुख्य भागातले कॅपॅसिटर अजून गारच असतात.

बाकीचे संशयित झटपट निकालात काढता येतात. एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून बघा. कॉर्ड दुसरी घ्या, मॉनिटरची चालते. पुढच्या बटणाची शंका असेल तर एक सोपी युक्ती आहे : मदरबोर्डवरची पॉवर स्विचची टोपी काढून तिथे रीसेट स्विचची टोपी बसवायची आणि रीसेट दाबून मशीन सुरू करायचं. दोन्ही बटणं आतून सारखीच असतात. बरीच जुनी मशीनं वर्षानुवर्षं रीसेटवर सुरू होत आली आहेत, आणि त्यात काही बिघडत नाही.

मग बॅटरी घेऊन मदरबोर्डवर नजर टाका. प्रोसेसरच्या आजूबाजूला उभ्या डब्यांची रांग असते. डबीच्या डोक्यावर अधिकच्या किंवा इंग्रजी 'के'च्या आकाराची खाच दिसली तर ती ओल्या रसायनाची. खाच असलेलं डोकं सपाटच हवं. फुगलं असेल किंवा त्यावर तपकिरी खरपुडी धरली असेल तर मात्र तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकचं म्हणणं मला मान्य करावं लागेल, अर्धंच. कारण असे कॅपॅसिटर बदलता येतात आणि ते करून देणारे कारागीर अजून आहेत. २००० च्या आसपास सदोष रसायनाच्या कॅपॅसिटरची साथच आली होती. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० मालिकेतले बोर्ड त्यात हजारोंनी गेले आणि २००५ मध्ये कंपनीला त्यापोटी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. ॲपलचे आयमॅक जी५ही त्यातून सुटले नाहीत. तुमचं मशीन त्यानंतरचं. २००९ पर्यंत बऱ्याच मदरबोर्डवर प्रोसेसरजवळ घन पॉलिमरचे कॅपॅसिटर येऊ लागले होते, बिनखाचेच्या सपाट डोक्याचे, आणि ते असे वाळत नाहीत. एसएमपीएसवाल्यांनी मात्र ओल्यांचीच साथ धरून ठेवली होती.

एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, ही विनंती नाही, तंबी आहे. २३० व्होल्टची वीज आत शिरल्याबरोबर सरळ होऊन साधारण ३२५ व्होल्टला एका मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठते, आणि कॉर्ड काढल्यावरही काही काळ तिथे राहू शकते. आत जो कॅपॅसिटर मेला आहे तो बहुधा करंगळीच्या नखाएवढा आणि दोन-चार रुपयांचा असेल. त्याच्यासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

यूट्यूबवर हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडून पंखा फिरवून दाखवतात आणि 'एसएमपीएस ओके' म्हणून मोकळे होतात. त्याच्यावर विसंबू नका. काहीच ओझं नसताना पंखा फिरवणं लंगड्या एसएमपीएसलाही जमतं. मल्टिमीटर बरा. जांभळ्या आणि काळ्या वायरीत डीसी मोजा. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मधे हवेत, आणि मुख्य म्हणजे बटण दाबतानाही तिथेच राहायला हवेत. दाबल्याबरोबर आकडा कोसळला तर चोर सापडला. सगळ्यात खात्रीचा उपाय अर्थात दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं. दुकानदाराला तेवढंच सांगा. मशीन रात्रभर त्याच्याकडे ठेवा आणि सकाळी दुकान उघडल्याबरोबर, गारेगार असताना, त्याला सुरू करायला लावा. दुपारी मोटारसायकलवरून नेलेत तर मशीन शहाण्यासारखं वागेल आणि तुम्ही खोटे पडाल.

नवा घेताना लेबलवरच्या वॅटला भुलू नका. तुमच्यासारखं मशीन डीटीपीच्या कामात शंभर-सव्वाशे वॅटच्या पुढे क्वचितच जातं. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लसचं चिन्ह असलेला ४००-४५० वॅटचा एसएमपीएस दोन-तीन हजारांत येतो आणि तो पुरून उरेल. पाच-सातशेवाल्या बिननावाच्या डब्यावरही ४५० वॅटच छापलेलं असतं. दोन्ही हातात घेऊन बघा, वजनातला फरक लगेच कळतो. भंगारातून काढलेला घेऊ नका, त्याचेही कॅपॅसिटर तुमच्याच वयाचे. हार्ड डिस्क किंवा सीडी ड्राइव्ह जुन्या रुंद पट्टीच्या केबलवर असेल तर त्यांना लागणारा चार पिनांचा मोठा कनेक्टर नव्या एसएमपीएसला आहे ना ते दुकानातच बघा. असेंबल मशीनला बाकी अडचण येत नाही. काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये मात्र कनेक्टर किंवा डब्याचं माप कंपनीचं खास असतं, तिथे जुना एसएमपीएस काढून सोबत न्यावा. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असा सुटा माल मिळतो.

एक उपाय तुम्हाला कोणीतरी सुचवणारच : बंदच करू नका, रात्रभर चालू ठेवा. तो करू नका. एक तर वीज गेली की त्या सकाळी तो उठणार नाही, आणि ती सकाळ नेमकी अहवालाची प्रुफं द्यायची असेल. दुसरं जास्त गंभीर आहे. काही जुन्या धाटणीच्या एसएमपीएसमध्ये स्टँडबायचा कॅपॅसिटर पार वाळला की ५ व्होल्ट कमी होण्याऐवजी भलतेच वर चढतात, आणि ती जांभळी वायर थेट मदरबोर्डला जाते. मग दुसऱ्या मेकॅनिकचं भाकीत खरं ठरायला वेळ लागणार नाही.

म्हणून आज, मशीन चालू असतानाच, बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवून घ्या. पेजमेकरच्या फाइली, त्यात लावलेली चित्रं आणि श्रीलिपीचे फाँट, तिन्ही. फाँट राहिले तर नुसत्या फाइलीत अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसेल. महत्त्वाच्या कामांच्या पीडीएफ काढून ठेवा. श्रीलिपीला डाँगल असेल तर त्याला नव्या मशीनवर कुठल्या आवृत्तीत चालवता येईल ते आताच विचारून घ्या. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ मधली, आणि तिच्यापुढे अडोबीने मोठी आवृत्ती काढलीच नाही, त्यामुळे कधीतरी युनिकोडकडे वळावंच लागणार आहे. पण ते सवडीने, एकेक पतसंस्था करत. या हिवाळ्यात दोन-तीन हजारांचा एसएमपीएस ती सवड मिळवून देईल असं मला वाटतं. हार्ड डिस्कही २००९ ची असेल तर तिचा भरवसा मी देणार नाही.

प्रश्न : कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. कॉम्प्युटर जुना आहे, पण चालतो व्यवस्थित. एसएमपीएस लीक झालाय का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एसएमपीएस बहुधा ठणठणीत आहे, तुमच्या घराचं अर्थिंग नाही. प्रत्येक एसएमपीएसच्या दारातच एक गाळणी असते. तिच्यात फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून पत्र्यापर्यंत एकेक बारीक कॅपॅसिटर जोडलेला असतो, आणि विजेतला कचरा तो अर्थिंगमध्ये सोडतो. अर्थिंगच नसेल तर पत्रा या दोघांच्या मधोमध लटकतो, साधारण ११५ व्होल्टला. प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही आत असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात. अनवाणी, ओल्या फरशीवर जास्त जाणवतात. टेस्टर लावलात तर तोही मिणमिणेल.

याने कोणी मरत नाही, पण उद्या आत खरोखर वायर पत्र्याला टेकली तर ती वीज जमिनीत न्यायला वाट नाही आणि फ्यूजही उडणार नाही. वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. खड्डा कोरडा पडला असेल तर कोळसा-मीठ आणि पाणी घालून तो जिवंत करता येतो. कोकणात पावसाळ्यात छान चालणारं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये मरतं, ते याच कारणाने. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर त्याच खेपेत बसवून घ्या.

एक गोष्ट मात्र त्याला करू देऊ नका. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडून 'झालं काम' म्हणणारे असतात. झिणझिण्या थांबतात खऱ्या. पण कुठे न्यूट्रल तुटला की तुमच्या कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

प्रश्न : पंखे फिरतात, बीप वाजतात, पण पडद्यावर काही नाही. कधी सुरू झालाच तर तारीख दहा-पंधरा वर्षं मागची असते आणि बँकेची साइट उघडत नाही.
— एक वाचक, परभणी

उत्तर : दोन वेगळे बिघाड एकत्र आले आहेत. तारखेचं कारण म्हणजे मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. भिंतीवरचा स्विच बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की तारीख मागे जाते, आणि साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ब्राउझरला वाटून तो दार लावून घेतो. सेल बदला, बायॉसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा.

बीप वाजतात म्हणजे मदरबोर्ड जिवंत आहे आणि बहुतेक रॅमची तक्रार करतो आहे. इथे मात्र पुसण्याचा उपाय लागू पडतो. कॉर्ड काढा, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग रॅम काढून तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरने हलके घासा. खोडलेला चुरा तिथेच फुंकू नका, तो स्लॉटमध्ये जातो आणि तोंडातली थुंकीही उडते. कोरड्या ब्रशने झाडा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, म्हणजे कुठली आजारी आहे ते कळेल. कॅबिनेट उघडलंच आहे तर मागच्या रिकाम्या फटींना पत्र्याच्या पट्ट्या आहेत का तेही बघा. नसतील तर बसवून घ्या. पाली तिथूनच आत येतात.